पासष्ट इंच

‘सदर फिजिओथेरपिस्ट यांनी रुग्णाच्या क्षमतेची खातरजमा न करता अवाजवी बळाचा वापर केला, परिणामी रुग्णाच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. त्यांनी “ही चूक माझी आहे” अशा शब्दांत आपला दोष लेखी मान्य केला आहे.’

सोलापुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष. अहवाल दीड पानाचा, सह्या तीन, शिक्का एक. रुग्ण म्हणजे मी. फिजिओथेरपिस्ट म्हणजे विजयालक्ष्मी येमूल, वय त्या वेळी एकोणतीस. या दीड पानाने तिची जागा गेली आणि गावातल्या दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाने तिला पुन्हा दारात उभे केले नाही.

जुन्या पोथ्यांचे पाठ तपासणे हा माझा व्यवसाय. एकाच ग्रंथाच्या चार नकला समोर मांडायच्या आणि कोणता लेखनिक प्रामाणिक, कोणता आळशी, कोणता लबाड हे ठरवायचे. त्या सवयीने तपासले तर हा अहवाल लबाडांच्या वर्गातही बसत नाही. लबाडीला कष्ट पडतात.

‘क्षमतेची खातरजमा न करता’ असे समिती म्हणते. विजयालक्ष्मीने पाच आठवड्यांत चौदा वेळा माझ्या खांद्याला कोनमापक लावला. ते चौदाही आकडे त्याच फायलीत, अहवालाच्या मागच्याच पानावर आहेत. पान उलटण्याइतके बळ समितीला वाजवी वाटले नसावे. ‘अवाजवी बळ’ म्हणताना वाजवी किती, हे ती सांगत नाही. घटनेच्या वेळी खोलीत तीन बायका होत्या. त्यांतल्या एकीला समितीने बोलावलेच नाही, कारण ती विड्या वळत होती आणि तिला सही करता येत नव्हती.

राहिली कबुली. एका निवेदनातून समितीने चार शब्द कापून घेतले. त्यांच्या आधी काय होते आणि नंतर काय, हे अहवाल वाचून कळत नाही. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणाच्याही अवतरणावर विसंबू नये, हे मी बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडले. तो मूळ कागद मी स्वतः नऊ वर्षे पाहिला नाही. का पाहिला नाही, तेच सांगायचे आहे.

*

“हात वर करा मॅडम.”

“तो होत नाही म्हणूनच मी आले आहे.”

“किती होत नाही ते बघायचंय ओ.”

ही आमची पहिली ओळख. खोली तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पाठीमागे. तीत दोन खाटा, छताला टांगलेली दोरीची कप्पी आणि भिंतीवर ठोकलेली एक लाकडी शिडी होती. ही शिडी माणसाने चढायची नसून बोटांनी चढायची. एकेका पायरीवर बोटे टेकवत हात वर न्यायचा आणि जिथे खांदा अडेल तिथे थांबायचे. बाजूला इंचांच्या खुणा होत्या. विजयालक्ष्मीचे वडील, अंबादास येमूल, यांनी आपल्या मोडीत निघालेल्या हातमागाच्या लाकडातून ती लेकीला करून दिली होती. रुग्णालयाने त्या भेटीची पोच म्हणून तिच्यावर पांढऱ्या रंगाने ‘फि. १७’ असा सामानाचा क्रमांक घातला होता.

“आमच्या नानांचा खांदा मागावरच गेला,” ती म्हणाली. तेलुगू घरांत वडिलांना नाना म्हणतात. “तेव्हा कुणाला माहीत ओ, ह्याला औषध असतंय म्हणून. देवीचा कोप म्हणून अंगारा लावत बसले. आता शर्ट घालायला आमची अम्मा लागतीय.”

माझी अवस्था वेगळी नव्हती. चार महिन्यांपूर्वी उजवा खांदा दुखू लागला, मग रात्रीची झोप गेली आणि एके दिवशी हात खांद्याच्या वर जायचा थांबला. अंबाडा घालता येईना, म्हणून कमरेपर्यंतचे केस मानेशी कापून टाकले. पोलक्याचे हूक शेजारच्या कुलकर्णीवहिनी लावून देत. वर्गात फळ्याचा केवळ खालचा अर्धा भाग माझ्या ताब्यात राहिला. मागच्या बाकांवरची मुले माना उंचावून वाचत आणि मला ते मान देणे वाटत असे.

“कशामुळे झालं हे?” मी विचारले.

“कधी कधी नसतंय ओ कारण. तुम्हाला साखर आहे ना, तिच्यामुळं पण होतंय. खांद्याचं आवरण आखडतंय. सुटायला वर्ष-दीड वर्ष लागतंय, पण सुटतंय. आठवड्यातनं तीन दिवस मी बघते. घरी रोज तुम्ही करायचं. खरं काम घरचंच.”

मग तिने मला एक कार्ड दिले. तारीख, किती वेळा, किती इंच असे तीन रकाने. घरी एखाद्या मोकळ्या भिंतीसमोर उभे राहायचे, बोटांनी भिंत चढायची, जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि जमिनीपासूनची उंची कार्डात लिहायची. दिवसातून तीन वेळा.

“येमूलबाई, मी छप्पन्न वर्षांची आहे,” मी म्हणाले. “भिंतीवर रेघोट्या ओढण्याचं माझं वय उलटलं.”

“खांद्याचं नाही उलटलं. त्याला परत बालवाडीत घालायचंय. आणि मला अगं-तुगं करा की मॅडम, येमूलबाई म्हटलं की मी मागं वळून अम्माला शोधते.”

“मी विद्यार्थ्यांनाही अहो म्हणते.”

“बरं,” ती हसली. “मग अहो तर अहो. पण भिंत सोडायची नाही.”

*

माझ्याच वेळेला नरसम्मा येई. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, बोटांना तंबाखूचा कायमचा वास. तिचा डावा खांदा आखडला होता. तिला अक्षर येत नव्हते, म्हणून तिचे कार्ड कागदाचे नव्हते. विडीला बांधायचा लांब दोरा ती घरून आणी. भिंतीशी पायाखाली दोऱ्याचे एक टोक धरायचे, बोट पोचेल तिथे दोऱ्याला गाठ मारायची. रोजची एक गाठ. विजयालक्ष्मी तो दोरा शिडीशेजारी ताणून धरी आणि गाठी मोजी.

“नरसम्मा, सात दिवसांच्या चारच गाठी?”

“तीन दिवस दुखलं. नाही केलं.”

“मग?”

“मग काय? खोटं गाठ मारू का?”

विजयालक्ष्मीने कपाळाला हात लावला. मी हसले. ते हसणे कशाचे होते, हे मला आज सांगता येते. एका निरक्षर बाईच्या भाबडेपणाचे मला कौतुक वाटले होते.

माझे कार्ड मात्र तिला आनंद देई. “शाब्बास मॅडम!” ती मोठ्याने म्हणे. “बघा नरसम्मा, ह्याला म्हणतात व्यायाम. एक दिवस चुकला नाही. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. कसं चढतंय बघा.” तिसऱ्या आठवड्याअखेर पहिले कार्ड भरले. ते तिने खोलीच्या दारामागे टाचण्यांनी लावले, येणाऱ्या-जाणाऱ्याने आदर्श घ्यावा म्हणून, आणि मला दुसरे दिले. शाब्बास हा शब्द मला शेवटचा कोणी म्हटला होता, ते आठवण्याचा मी त्या दिवशी रिक्षात प्रयत्न केला. बहुधा मॅट्रिकच्या वर्षी, चित्रकलेच्या मास्तरांनी.

हात ताणताना वेदनेवरून लक्ष उडावे म्हणून ती बोलत राही. “आज तुमच्या पोथीत काय चाललंय ओ?” माझे तेव्हा एका अठराव्या शतकातल्या वैद्यकाच्या पोथीचे काम चालले होते. तिच्या चार नकला उपलब्ध होत्या आणि चौथी बनावट असावी असा मला संशय होता.

“बनावट कसं कळतंय?” तिने विचारले. माझा दंड तिच्या दोन्ही हातांत होता.

“खरं लिहिणारा थकतो,” मी दात आवळून म्हणाले. “सकाळी एक अक्षर, संध्याकाळी दुसरं. लेखणी बोथटते, शाई पातळ होते, मधेच डोळा लागतो, ओळ तिरकी जाते. बनावट करणारा एका बैठकीत बसून लिहितो. त्याचं अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत थकतच नाही.”

“भारी आहे ओ हे,” ती म्हणाली. “आमच्यात पण असंच आहे. जो पेशंट दुखतंयच नाही म्हणतो, त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.”

*

पाचव्या आठवड्यातला शुक्रवार. एप्रिल होता, खोलीतला पंखा गरम हवा ढवळत होता. विजयालक्ष्मीने मला शिडीशी उभे केले. बोटे चोपन्न इंचांवर अडली. मागल्या बुधवारीही तिथेच अडली होती, त्याच्या मागल्या सोमवारीही. तिने कार्ड उघडले.

“मॅडम, घरी पासष्ट. इथं चोपन्न. अकरा इंच जातात कुठं ओ वाटेत?”

“रिक्षात सांडत असतील.”

कप्पीच्या दोरीला लटकलेली नरसम्मा खो खो हसली. विजयालक्ष्मी हसली नाही. ती कार्डाकडे पाहत होती, मग माझ्या खांद्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे. तिने माझ्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर तळवा ठेवला आणि हात हळूहळू वर नेला. एका जागी तो थांबला. ती तिथेच थांबून राहिली, बंद दारापलीकडे कोणी बोलते आहे का ते ऐकावे तशी.

“खरंच जातो ना ओ वर?” तिने विचारले. आवाज खाली आणला होता, नरसम्माला ऐकू जाऊ नये एवढा. “पासष्टला? नसला जात तरी चालतंय मॅडम. मला फक्त सांगा.”

तिने मला वाट करून दिली होती. दोन शब्द पुरले असते.

“मी लिहिलेलं आहे, येमूलबाई,” मी म्हणाले. बत्तीस वर्षांत ज्या आवाजापुढे एकाही विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारला नव्हता, त्या आवाजात.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हो की. तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं. मग इथं तुम्ही घाबरताय. हात जातोय, भीती जाऊ देत नाही. होतंय असं लोकांचं. आज मी थोडं पुढं नेते. दुखेल. थांब म्हटलं की मी थांबणार. बघा हं, नुसतं थांब म्हणायचं.”

मी खाटेवर आडवी झाले. हात वर जाऊ लागला. ओळखीची वेदना आली, मग अनोळखी आली. ती पुढे जाण्यापूर्वी थबकली. “मॅडम?” मी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे चालू दे. थांब हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला.

वाळकी तुरकाठी मोडताना होतो तसा आवाज झाला. फार मोठा नव्हता.

“अम्मा!” असे ओरडली ती नरसम्मा. मी नव्हे.

विजयालक्ष्मीने माझा हात सोडला नाही. दोन्ही तळव्यांवर, नवजात मूल धरावे तसा तो पेलून ती क्ष-किरण विभागापर्यंत माझ्या स्ट्रेचरसोबत वाकून चालत आली. क्षमा मागितली नाही, रडली नाही. “श्वास घ्या मॅडम, सोडा, परत घ्या,” एवढेच म्हणत राहिली.

*

माझा थोरला भाऊ अप्पा निवृत्त तहसीलदार. तो पुण्याहून दुसऱ्या दिवशी आला आणि आल्या आल्या कागद मागितला.

“मालू, ही पोरगी अजून नोकरीत कशी? मी लिहितो तक्रार. तू फक्त सही कर.”

“उजवा हात मोडलाय, अप्पा.”

“मग डाव्या हाताचा अंगठा दे. कायद्याला चालतो.”

“राहू दे रे. मुद्दाम केलं नाही तिनं.”

“मुद्दाम नाही केलं म्हणून हाड जुळतं का? उद्या दुसऱ्या कोणाचं मोडेल. तू प्राध्यापक ना? मग जबाबदारी मी शिकवू का तुला?”

मी अंगठा दिला. बत्तीस वर्षे अक्षरे तपासणाऱ्या बाईने आयुष्यात प्रथमच अंगठा उठवला आणि तो या कागदावर.

सोमवारी दुपारी विजयालक्ष्मी घरी आली. अप्पा तेवढ्यात बँकेत गेला होता. तिच्या हातात शेंगाचटणीची बरणी आणि कागदात गुंडाळलेल्या कडक भाकऱ्या होत्या.

“अम्मानं दिल्यात. कडक आहेत, पण डाव्या हातानं मोडता येतील.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. तक्रारीचे तिला कळले होते. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “मॅडम, खुणा कुठल्या भिंतीवर केल्यात? मला पासष्टची खूण एकदा बघायचीय.”

“कशाला आता?”

“माझं काय चुकलं ते मला कळायला पाहिजे ओ. तीन दिवस झाले, मी तेच मोजत बसलीये. घरी पासष्टला जाणारा हात त्या जागी मोडत नाही. म्हणजे मी कुठंतरी वाकडा धरला. कुठं धरला? परत कुणाला असं व्हायला नको.”

माझ्या घराच्या तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत पुस्तके आहेत. मोकळी भिंत एकच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची. दिवाळीत चुना दिलेली, पांढरी शुभ्र. तिने स्वतःच मान वळवून त्या भिंतीकडे पाहिले. उठली. जवळ गेली. चुन्यावरून तळवा फिरवला. पेन्सिलीचा एक ठिपकाही तिथे नव्हता.

तिची नजर मेजावरच्या कार्डाकडे गेली. दुसरे कार्ड, दोन आठवड्यांचे. तिने ते उचलून खिडकीच्या उजेडात धरले, मी पोथीचे पान धरते तसे. रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली.

“तुमचं अक्षर एकदा पण थकलं नाही ओ मॅडम,” ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचले असते.

कार्ड तिने होते त्याच जागी, होते त्याच बाजूने ठेवले. मग माझ्यापाशी येऊन हात अडकवलेल्या झोळीची गाठ पाहिली. “ही मानेवर टोचतीय. इकडं घेते.” गाठ सोडून तिने खांद्याच्या पुढे बांधली, बोटांची नखे दाबून रक्त फिरते आहे ना ते पाहिले. दारात चपला घालताना मागे न वळता म्हणाली, “पंधरा दिवसांनी बोटं हलवायला सुरू करा. मनगट पण. हे मात्र खरंच करा.”

*

कारण सांगते, समर्थन नव्हे. पहिल्या आठवड्यात मी दोन दिवस भिंतीशी उभी राहिले. दुखले, आणि शिवाय हास्यास्पद वाटले. चौथी नक्कल मेजावर वाट पाहत होती. तिसऱ्या दिवसाची ओळ कोरी पाहून विजयालक्ष्मीचा चेहरा उतरला, म्हणून पुढच्या खेपेला मी निघण्यापूर्वी एक ओळ भरून टाकली. तिने शाब्बास म्हटले. मग मी कार्ड रविवारी एका बैठकीत भरू लागले, आठवडाभराचे, मधून मधून एखादा इंच वाढवत. सुरुवातीच्या दोन पुसट खुणा मी ओल्या फडक्याने पुसून टाकल्या होत्या, भिंत घाण दिसते म्हणून. माणसे मोठ्या असत्यासाठी मोठे कारण शोधतात. माझ्यापाशी एवढेच होते: मला कोणीतरी शाब्बास म्हणत होते आणि ते थांबायला नको होते.

समितीचे सचिव पुढच्या आठवड्यात घरी आले. सभ्य गृहस्थ, माझा नावलौकिक ऐकून असलेले.

“मॅडम, घरचे व्यायाम आपण नियमित करत होता?”

“कार्ड तुमच्या हातात आहे.”

“म्हणजे करत होता.”

मी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. त्यांनी माझ्या पिण्याची अदबीने वाट पाहिली आणि रकान्यात ‘होय’ असे लिहिले. मी खोटे बोलले नाही. या वाक्याच्या आधाराने मी काही वर्षे काढली.

विजयालक्ष्मी गेली. माझे हाड जुळले. हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही, केस आखूडच राहिले. चौथी नक्कल बनावट असल्याचे मी सिद्ध केले. ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याला पुरस्कार मिळाला, आणि मानपत्रात ‘सत्यनिष्ठा’ हा शब्द दोनदा आला. शाल माझ्या डाव्या खांद्यावर घालावी लागली.

*

गेल्या वर्षी विजापूर वेशीजवळच्या एका किराणा दुकानात मी उभी होते. पुढची बाई दुकानदाराची वाट न पाहता टाचा उंचावून सर्वांत वरच्या फळीवरचा गुळाचा डबा डाव्या हाताने काढत होती. हात सरळ, कानाला लागलेला. तंबाखूचा वास आला आणि मी ओळखले.

“नरसम्मा!”

“अय्यो, हर्डीकर मॅडम!” तिने डबा ठेवला आणि माझ्या उजव्या हाताकडे पाहिले. “तुमचं नाही आलं वर?”

“नाही.”

“माझं आलं. दीड वर्ष लागलं. ती गेल्यावर दुसरं कोण आलं नाही त्या खोलीत, कुलूप लावलं. पण ती सांगून गेलती ना, दोरा सोडू नको म्हणून. नाही सोडला.”

“ती कुठे असते आता?”

“हैदराबादला. मावशीकडं गेली, तिथं छोटं खोली घेतलंय म्हणं. बापाला पण घेऊन गेली.” मग तिने गुळाचा डबा जवळ ओढला. “मला कुणी विचारलंच नाही ओ मॅडम. मी तिथंच होतो ना. मी सांगितलं असतं, तिनं तुम्हाला विचारलं म्हणून. हळू विचारलं, पण मी ऐकलं. ‘नसला जात तरी चालतंय, फक्त सांगा,’ म्हटली. तुम्ही काय म्हटलं ते पण ऐकलं.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. काय घडले ते तिने सांगितले आणि ती गूळ तोलून घ्यायला वळली.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. तेथील प्रशासकीय अधिकारी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात, मी घरी पाठवली असती,” म्हणत तिने फाईल काढून दिली. वाटेत ती बंद खोली लागली. काचेतून पाहिले, शिडी भिंतीवर तशीच होती. फि. १७.

फायलीत अहवाल होता, चौदा आकडे होते, माझी दोन कार्डे होती, पहिल्याला चारही कोपऱ्यांत टाचणीची भोके. आणि तळाशी एक रेघी कागद, दोन्ही बाजूंना समास सोडलेला. अक्षर सुरुवातीला नीट आहे. मधे एका जागी शाई बदललेली आहे, तिथून ओळ थोडी खाली झुकते, आणि शेवटच्या चार ओळींत अक्षर स्पष्टपणे थकलेले आहे. कागद अस्सल आहे, याची ग्वाही मी देते. समितीने त्यातले चार शब्द घेतले होते. उरलेल्यांसह तो असा:

“मी, विजयालक्ष्मी अंबादास येमूल, लिहून देते की, त्या दिवशी हर्डीकर मॅडमचा खांदा चोपन्न इंचांवर थांबला होता. तो पुढे जाणार नाही, हे माझ्या हाताला समजत होते. कार्डावर पासष्ट लिहिले होते. मी माझ्या हाताचे ऐकले नाही, कार्डाचे ऐकले. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की आधी हाताने बघायचे, मग कागद बघायचा. मी उलटे केले. ही चूक माझी आहे. मॅडम थांब म्हणाल्या नाहीत, तरी मी थांबायला पाहिजे होते. कार्डाबद्दल कृपया मला काही विचारू नये. ते मॅडमचे आहे. त्याबद्दल काय सांगायचे ते मॅडम सांगतील.”